कूलरचं पाणी, डिसेंबरची सावली आणि साठीनंतरची हाडं

मे महिना होता. कूलरची टाकी भरताना नळी सुटली, फरशीवर पाणी सांडलं आणि पुसायचं फडकं आणायला म्हणून आई वळली. जिना नाही, गाडी नाही, कुणाचा धक्का नाही. उभ्या उभ्या पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय ७१. "मले काई नाई झालं, शेकलं का बरं वाटन," असं म्हणत ती अर्धा तास सुजलेला हात पदराखाली लपवून बसली होती.

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी पडण्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि बाकीच्याच गोष्टींबद्दल दहा. पाळी कितव्या वर्षी गेली? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या कधी सलग घेतल्या का? त्यांच्या आईचा खुबा मोडला होता का? उभ्या उंचीवरून पडून मोठ्या माणसाचं हाड मोडलं, तर आधी हाडावर संशय घ्यायचा असतो हे मला तेव्हा कळलं. मनगट ही बहुतेकदा पहिली घंटा असते. पुढे मणके आणि खुबा.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आमच्या घरात बरंच काही बदललं. काही बदल उपयोगी पडले, काही नुसता खर्च होता. जे टिकलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावणारी मुलगी नक्की आहे. शिवाय आता मी ४९ ची, पाळी अनियमित झालेली, तेव्हा यातलं निम्मं स्वतःसाठीच आहे.

आधी एक गल्लत

गुडघा दुखला की आपण म्हणतो, 'हाडं झिजली.' ती झीज सांध्यातल्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीची असते. हाड आतून विरळ होणं, ज्याला अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, तो वेगळा प्रकार आहे आणि तो दुखत नाही. मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून गुडघ्याला रोज तेल चोळणाऱ्या घरात खुब्याचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही तिथे नवं भरतात, आणि हे काम जन्मभर चालतं. पंचविशी-तिशीपर्यंत भरणं जास्त असतं, तोवर जेवढी पुंजी जमली तेवढी जमली. पुढे पोखरणं वरचढ होतं. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पहिली पाच-सात वर्षं ही गळती फार वेगाने होते. पुरुषांची गळती सावकाश चालते, पण सत्तरीपर्यंत तेही त्याच वाटेवर येतात. 'हा बायकांचा आजार' म्हणून घरातल्या आजोबांना यातून वगळू नका.

जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. अंतराळवीरांमध्ये याची उलटी बाजू दिसते. वजनच जाणवत नाही अशा जागी त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते, आणि ही धडधाकट, उत्तम जेवणारी माणसं असतात. म्हणजे हाडाला माल लागतो तसा हुकूमही लागतो. कॅल्शियम हा माल आणि भार हा हुकूम. आपल्याकडे मालाची चर्चा फार होते. मेडिकलमधून गोळ्यांचा डबा आणला की कर्तव्य संपलं. सिमेंटची पोती अंगणात येऊन पडली आणि मिस्त्रीला कुणी बोलावलंच नाही, तर भिंत कशी उभी राहणार?

पायरी पहिली: आपण कुठे आहोत ते पाहा

दाराच्या चौकटीला पाठ लावून, चपला काढून उभे राहा. डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. मुलांची उंची मोजतो तशीच आपलीही मोजायची, वर्षातून एकदा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा (जुन्या सेवापुस्तकात किंवा पासपोर्टच्या कागदांत ती सापडते) चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट असेल तर मणका चेपला गेल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना सांगावं. आईची पाच सेंटिमीटर कमी निघाली. आम्ही सगळे इतकी वर्षं 'वाकून चालते' एवढंच म्हणत होतो.

मग स्वतःला काही प्रश्न. पाळी ४५ च्या आत गेली का, किंवा अंडाशय काढले आहेत का? आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का? प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड तीन महिन्यांहून जास्त घेतलं का? थायरॉइडचं काम वाढलेलं आहे का? आकडीची किंवा ॲसिडिटीची औषधं वर्षानुवर्षं चालू आहेत का? अंगाने अगदीच बारीक आहात का? तंबाखू, दारू? यातली दोन-तीन उत्तरं 'हो' असतील तर पासष्टीची वाट न पाहता डेक्सा तपासणीबद्दल विचारा. एरवी बायकांनी ६५ आणि पुरुषांनी ७० च्या आसपास ती करून घ्यावी असा साधारण प्रघात आहे.

डेक्सा म्हणजे कमरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा अगदी कमी क्ष-किरणांचा फोटो. टोचणं नाही, दुखणं नाही, दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. अहवालात टी-स्कोअर असतो, म्हणजे आपल्या हाडाची तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर हाड विरळ व्हायला लागलंय. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. आईचा उणे २.७ होता.

इथे एक सावधगिरी. एका मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून माझ्या मावशीला 'हाडं पार गेली' असं सांगितलं आणि तिथल्या तिथे तीन महिन्यांचे डबे विकले. टाचेची ती तपासणी फार तर चाळणी आहे. तिच्यावरून निदान ठरत नाही, उपचार तर मुळीच नाही. मावशीचा डेक्सा नंतर तिच्या वयाच्या मानाने चांगला आला. डबे अजून फ्रिजवर आहेत.

पायरी दुसरी: ताटातला हिशेब

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. आकडा मोठा वाटतो. आम्ही एक आठवडा वहीत लिहून पाहिलं तेव्हा आईच्या पोटात रोज साडेचारशेच्या आसपास जात होतं. दोनदा चहातलं चमचाभर दूध, जेवणात वरण-भात, एखादी भाजी, ज्वारीची भाकरी. भाकरी पोटाला उत्तम, पण ज्वारीत कॅल्शियम नगण्य असतं. गव्हातही फार नाही.

मग बदल केले, आणि ते आपल्याच पदार्थांतून. दुधात १०० मिलिलिटरला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दह्यातही जवळजवळ तेवढंच. साय काढली तरी ते दुधातच राहतं, तेव्हा कोलेस्टेरॉलची भीती असेल तर साय काढून प्या. दूध पचत नसेल तर दही-ताक बहुतेकांना चालतं. मात्र ताक पाण्यासारखं पातळ असेल तर हिशेबही तेवढाच पातळ धरायचा.

तीळ हा आपल्याकडचा खरा खजिना, पण अख्खे, न पॉलिश केलेले. सालासकट १०० ग्रॅम तिळात हजाराहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात त्यातलं बहुतेक निघून जातं. नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा भरताना मी आता मळकट दिसणारे तीळच मागते. दुकानदाराला वाटतं, बाई काटकसर करते आहे. तीळ आणि जवस भाजून, लसूण-तिखट घालून केलेली चटणी रोज एक मोठा चमचा पोटात गेली की ऐंशी-नव्वद मिलिग्रॅमची सोय झाली. संक्रांतीपुरते तीळ खाऊन वर्षभराची बेगमी होत नाही.

नाचणी विदर्भात घरोघरची नाही, तरी आता कुठल्याही दुकानात पीठ मिळतं. १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम. आईला नुसती नाचणीची भाकरी 'मातीसारखी' लागली, म्हणून निम्मी ज्वारी निम्मी नाचणी. आंबील मात्र तिने एका दिवसात आपलीशी केली.

पालेभाज्यांमध्ये मुनग्याचा पाला (पुण्या-मुंबईकडे शेवगा म्हणतात तो) आणि मेथी ठेवा वरच्या ओळीत. दोन्हींत १०० ग्रॅमला अडीचशे-तीनशेच्या आसपास. आमच्या गल्लीत दोन मुनगे आहेत. लोक शेंगा तोडतात आणि पाला झाडून कचऱ्यात टाकतात, तो मी मागून आणते. डाळीत किंवा थालीपिठात घालायचा, कडवटपणा जाणवत नाही. पालक आणि उन्हाळ्यातली आपली लाडकी चिवळ यांच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि शरीराच्या हाती लागू देत नाही. चिवळीची भाजी जरूर खा, फक्त कॅल्शियमच्या खात्यात तिला मांडू नका.

आईचा आताचा दिवस असा. सकाळी २०० मिलिलिटर दूध (२४०), दुपारी घट्ट दह्याची मोठी वाटी (१८०), चटणी (९०), निम्मी नाचणी घातलेली एक मोठी भाकरी किंवा आंबील (सुमारे १४०), संध्याकाळी मुनग्याच्या पाल्याची डाळ किंवा मेथी (१५० ते २००), रात्री झोपताना अर्धा कप दूध (१२०). बाकीचं वरण, चणे, पोळी, संत्रं मिळून दीडशेची भर टाकतात. बेरीज हजाराच्या वर जाते. उरलेल्याबद्दल गोळ्यांच्या भागात लिहिते.

प्रथिनांकडे आपल्या घरांत फार दुर्लक्ष होतं. हाडाचा सांगाडा प्रथिनांच्या जाळीवर उभा असतो, कॅल्शियम त्या जाळीत भरलं जातं. पडताना सावरणारे स्नायूही प्रथिनांचेच. वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम एवढं तरी वयस्कर माणसाने रोज घ्यावं, म्हणजे ५५ किलोच्या बाईने ५५ ग्रॅम. एका अंड्यात ६, कपभर दुधात ६-७, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७. सोयाबीनच्या वड्यांत सर्वांत जास्त, ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीस. रात्री 'काही नको, चहा-टोस्ट चालतील' म्हणणारी आजी स्नायू गमावत असते. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियमही वाहून जातं. पापड, लोणचं, फरसाण रोज तिन्ही नकोत. दोन-तीन कप चहाने काही बिघडत नाही.

पायाच्या रश्शाबद्दल. मोडलेल्या हाडाला पाया प्यायला द्यायची पद्धत आहे, आणि गरम झणझणीत रस्सा तोंडाला चव आणतो हे खरं. पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. चवीसाठी प्या.

आता खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पुडी नागपुरात पानठेल्यापासून ऑफिसच्या ड्रॉवरपर्यंत सगळीकडे आहे, आणि खाणाऱ्यांचं म्हणणं असतं की 'चुन्यातून कॅल्शियम मिळतं.' हाडं दुखतात तर गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या, असा संदेशही व्हॉट्सॲपवर फिरत असतो. चुना दाहक आहे, तोंडाची आणि अन्ननलिकेची त्वचा भाजतो. खर्‍यातला तंबाखू हाड पोखरणाऱ्या बाजूने काम करतो, आणि तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. माझ्या काकांनी खर्रा सोडला तो हाडांसाठी नव्हे, पण सुटला.

शहराच्या वेशीबाहेर, बोअरवेलवर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. विदर्भात काही भागांत, विशेषतः यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत, भूजलात फ्लोराइड जास्त आहे. जास्त फ्लोराइडमुळे हाड फोटोत घट्ट दिसतं पण ताठर आणि ठिसूळ होतं. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. प्यायचं पाणी बोअरचं असेल तर एकदा तपासून घ्या.

पायरी तिसरी: सावली पाहून ऊन घ्या

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषलंच जात नाही. अन्नात ते फार कमी असतं, मुख्य कारखाना आपली कातडी. 'पण नागपुरात उन्हाची काय कमी?' हा प्रश्न सगळे विचारतात. ऊन भरपूर आहे, ते अंगावर पडत नाही एवढंच. गाडीवर निघताना आपण स्कार्फ, हातमोजे, गॉगल असे बांधलेले असतो की ओळखीचा माणूस ओळख देत नाही. आणि सकाळी साडेसहाला फुटाळा तलावावर फिरून येणाऱ्यांना वाटतं, कोवळं ऊन घेतलं. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील-बी किरण जवळजवळ नसतात. तिरप्या सूर्याचे ते किरण वातावरणातच अडतात. काचेतूनही ते येत नाहीत, म्हणून बंद खिडकीत बसून उपयोग नाही.

सोपी खूण सावलीची. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच कातडी कामाला लागते. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सव्वाबाराला सावली जेमतेम आपल्याएवढी होते. म्हणजे थंडीत सकाळचं ऊन सोडून द्या आणि साडेअकरा ते एकच्या मध्ये गच्चीवर जा. पापड-वड्या वाळत घालण्याची वेळ तीच आपलीही. उलट मेमध्ये सूर्य इतका वर येतो की शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा सकाळी नऊलाच सावली आखूड व्हायला लागते, आणि ते बरंच आहे, कारण त्यानंतर ४५ अंशांच्या उन्हात कुणीही म्हाताऱ्या माणसाला गच्चीवर बसवू नये. मे-जूनमध्ये सव्वानऊला दहा-पंधरा मिनिटं, हिवाळ्यात दुपारी वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे. चेहरा झाकला तरी चालेल. पावसाळ्यात जमेल तेवढं.

सावळी कातडी आणि वाढतं वय, दोन्हींमुळे हे काम हळू होतं. तेव्हा इतकं करूनही रक्तातलं प्रमाण कमी निघू शकतं. आईचं निघालं. मग औषध घ्यावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

पायरी चौथी: हाडाला हुकूम

फक्त चालणं पुरत नाही, हे मला सर्वांत उशिरा पटलं. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. पण रोज तोच भार, त्याच संथ गतीने पडत असेल तर हाड म्हणतं, एवढं तर मी पेलतोच आहे. पोहणं आणि सायकलमध्ये वजन पाणी नाहीतर सीट पेलते, हाडाला फारसा निरोप जात नाही. नेहमीपेक्षा जरा जास्त भार, थोड्या वेळा, आणि हळूहळू वाढवत नेणं हे सूत्र.

आधी एक चाचणी. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. पासष्ट ते एकोणसत्तरच्या बाईला अकराहून कमी आणि सत्तरीतल्या बाईला दहाहून कमी जमलं तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका जास्त आहे. आई सहावर दमली.

सुरुवात त्याच उठबशीने करा. आठ-आठच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. हातांचा आधार लागला तर घ्या, आठवड्यागणिक कमी करा. बसताना धपकन पडायचं नाही, तीन आकडे मोजत सावकाश खाली. खरा व्यायाम त्या सावकाश उतरण्यात आहे.

दुसरा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा-पंधरा वेळा. दूध तापेपर्यंत होतो. ज्यांचा मणका आधी मोडलेला नाही आणि गुडघे ठीक आहेत त्यांनी महिनाभराने उतरताना टाच जमिनीवर जराशी आपटावी. तो लहानसा धक्का खुब्यापर्यंत पोचतो.

तिसरा, भिंतीला हात लावून ढकलणं, दंडांसारखं पण उभ्याने. मनगटासाठी हाच सर्वांत चांगला. चौथा, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. दोन हातांत दोन, कोपरातून वर, मग खांद्याच्या वर, बारा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बाराही वेळा सहज झाल्या तर बाटली बदला. आई आता तीन किलोवर आहे. पाचवा, पाठीसाठी. खुर्चीत ताठ बसून खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे खेचा, पाच आकडे धरा, सोडा. दहा वेळा.

आणि तोल. ओट्याजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. बोट ओट्यावर ठेवून सुरू करा, नंतर बोट उचला. हॉलमधल्या फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत दहा पावलं. हे रोज करायचं. पहिल्या आठवड्यात हसू येतं, कारण आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण फार डुलत असतो.

पायांना जोर यायला सहा-आठ आठवडे लागतात. हाडाच्या फोटोत फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं, तेव्हा दर तीन महिन्यांनी डेक्सा करण्यात पैसे घालवू नका.

चाळिशी-पन्नाशीतल्या, गुडघे शाबूत असलेल्या बायकांसाठी मोकळीक जास्त आहे. जिने चढा, दोरीवरच्या दहा-वीस उड्या मारा. भुलाबाईच्या दिवसांत किंवा मंगळागौरीला फुगडी घालायची संधी आली तर कोपऱ्यात बसून फोटो काढू नका. मी फुटाळ्याला जाणं कमी करून सेमिनरी हिल्सचा चढ धरला आहे. श्वास फुलतो, पण चढावर पाय खरोखर काम करतात.

ज्यांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे किंवा मणका मोडलेला आहे त्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. पायाचे अंगठे पकडणं, पश्चिमोत्तानासन, पोटाच्या उठाबशा, कंबर झटक्याने पिळणं. वाकलेल्या मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि ती चेपते. बागेतल्या योगवर्गात सगळ्यांना एकच सूर्यनमस्कार घालायला लावतात. तिथे स्पष्ट सांगा की मला हे मना आहे. घरातही तेच. बादली, कुंडी, तांदळाचा डबा उचलताना पाठ सरळ, गुडघे वाकलेले, वजन पोटाशी. भरलेलं सिलिंडर तर हलवूच नका. अशा वेळी पाठीत अचानक कळ आली आणि ती दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर 'उसण भरली' म्हणून मालिश करून घेऊ नका, एक्स-रे काढा.

पायरी पाचवी: पडायचं नाही

हाड कितीही सुधारलं तरी न पडणं सर्वांत स्वस्त. आमच्याकडचा मुख्य गुन्हेगार कूलर. टाकीखाली ट्रे, नळीला क्लॅम्प, आणि पाणी भरण्याचं काम घरातल्या तरुणाकडे. कूलरची वायर चालण्याच्या वाटेवर नको. पावसाळ्यात अंगण आणि गच्चीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला ब्लीचिंग पावडरने घासून काढायचं. बाथरूममध्ये कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के दांडे ठोकून घ्या. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, तो हातात निघून येतो. घरात चालायला मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या सपाता. पायपुसणी एकतर चिकटवा नाहीतर काढून टाका.

बरेच अपघात रात्री लघवीला उठताना होतात. ब्लडप्रेशरच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर झटकन उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. वाटेत छोटा दिवा रात्रभर चालू. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू नका. पाय बधिर, चप्पल निसटल्याचं कळत नाही असं होत असेल तर साखर आणि बी-१२ दोन्ही तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता खूप असते.

गोळ्यांबद्दल

जेवणातून जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून. आईला शंभराच्या आसपास कमी पडत होतं, डॉक्टरांनी दिवसाला एकच लहान गोळी दिली. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून जास्त घेतलं तर शरीर ते नीट शोषत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, सायट्रेट केव्हाही चालतं. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास तरी कॅल्शियम नको, लोहाच्या गोळीपासूनही दोन तासांचं अंतर ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल तर दूध-दही बंद करू नका, अन्नातलं कॅल्शियम उलट खड्यापासून वाचवतं. गोळी मात्र विचारून, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच असते. आमच्या ओळखीत एकांनी ती रोज घेतली, 'ताकदीची आहे' म्हणून. रक्तात कॅल्शियम चढलं, उलट्या, गोंधळलेपण, शेवटी दवाखान्यात भरती. कॅलेंडरवर पुडीच्या वारी गोल करून ठेवा.

टी-स्कोअर फार खाली असेल किंवा हाड आधीच मोडलं असेल तर आहार-व्यायामाच्या जोडीला औषध लागतंच. आठवड्याची एक गोळी असते, ती सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. आई सोमवारी ती घेते आणि तो अर्धा तास अंगणात तुळशीभोवती फिरते. दातांचं मोठं काम काढायचं असेल तर दंतवैद्यांना या गोळीबद्दल आधी सांगायचं.

दोन वर्षांनी तिचा टी-स्कोअर उणे २.४ आला. तीस सेकंदांत ती आता अकरा वेळा उठते. यंदा एप्रिलमध्ये कूलर लावायला माणूस आला तेव्हा नळीचा क्लॅम्प तिने स्वतः ओढून पाहिला. मग सव्वानऊला हातात दही-आंबिलीचा पेला घेऊन गच्चीवर निघाली आणि जिन्यातून मला हाक मारली, "मी तं निघाली. तुई सावली पायली का आज?"